ओठांची तालीम

साठी उलटली की गुडघ्याला जो भाव येतो, तो ओठांना कधीच येत नाही. गुडघा दुखला की घरादाराला कळतं, जिना चढताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळतं, आणि वाट्या बदलायची वेळ आली की अमेरिकेतल्या मुलालाही मध्यरात्री उठवून कळवलं जातं. साखर, प्रेशर, प्रोस्टेट, मोतीबिंदू यांच्यावर तर कट्ट्यावर कायमचा परिसंवाद चालू असतो. ज्याच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही, त्या बिचाऱ्याला बोलायची पाळीच मिळत नाही. पण ‘हल्ली माझ्या ओठांत दम राहिला नाही हो’ असं म्हणणारा म्हातारा सांगलीत मी तरी पाहिला नव्हता.

ओठ कमजोर होत नव्हते असं नाही, पण आम्ही त्याचं खापर दुसऱ्यांवर फोडत होतो. चहा शर्टावर सांडला, तर कपाचा काठ जाड. आमटी हनुवटीवरून ओघळली, तर सुनेनं आमटी पातळ केलेली. आणि भडंग खाताना निम्मं मांडीवर पडलं, तर भडंगवाल्यानं हात आखडता घेऊन तेल कमी घातलेलं, त्यामुळे चुरमुऱ्यांना वजनच नाही.

सांगलीत राहून भडंग सांडणं ही काही किरकोळ बाब नव्हे. भडंग खायची एक रीत आहे. चमचा वगैरे पाहुण्यांसाठी. घरचा माणूस मूठ भरतो, अंगठ्याच्या बाजूनं तोंडात टाकतो, लगेच ओठ मिटतो आणि मगच चावायला लागतो. म्हातारपणी मूठ भरता येते, टाकताही येतं, चावणंही कवळीच्या कृपेनं पार पडतं. राहतं ते मधलं मिटणं. मग पहिला दात खाली आला की दोन शेंगदाणे आणि पाच-सहा चुरमुरे ज्या वाटेनं आत गेले त्याच वाटेनं बाहेर येतात. आमराई बागेत आमच्या बाकांखाली साळुंक्या जमतात. कोण कुठे बसतं हे त्यांना पाठ आहे. आमच्यातल्या निवृत्त हेडसरांच्या बाकाखाली सगळ्यात जास्त गर्दी असते. हेडसर म्हणतात, पक्ष्यांना माणूस ओळखता येतो.

हे असंच चाललं असतं. पण मध्यंतरी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेला मिरजेहून एक स्पीच थेरपिस्ट मुलगी आली. फळ्यावर विषय लिहिला होता: ‘ज्येष्ठांचे ओठ आणि त्यांचे व्यायाम’. तो वाचून दोन-तीन सभासद दारातूनच मागे फिरत होते. आपण चुकून भलत्याच कार्यक्रमाला आलो आणि कोणी बघितलं तर काय, अशी त्यांना धास्ती. चिटणिसांनी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि नंतर चहा आहे असं सांगितलं.

मुलगी हुशार होती. तिनं सांगितलं, तोंडाभोवती स्नायूंचं एक कडं असतं. बटव्याच्या तोंडाला नाडी असते ना, तसं. नाडी ओढली की बटवा मिटतो, ढिली पडली की आतली सुपारी बाहेर. मात्र हे कडं एकसंध नसतं. गालाकडून, हनुवटीकडून, नाकाच्या बाजूनं येणारे कितीतरी स्नायू ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी येऊन एकमेकांत गुंततात. हातापायांचे स्नायू हाडाला धरून असतात. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू थेट कातडीत जाऊन मिळतात. म्हणूनच रागावताना आपलं हाड हलत नाही, चेहरा हलतो. या सगळ्यांना हुकूम देणारी नस एकच. ती कानाजवळून बाहेर पडते आणि पाच फांद्यांनी अर्ध्या चेहऱ्यावर पसरते. उरलेल्या अर्ध्यासाठी पलीकडच्या कानाजवळ तिची जोडीदारीण. वय झालं की दंडाचा स्नायू वाळतो तसा ओठांचाही वाळतो. वरचा ओठ लांबतो, पातळ होतो, त्याचा लाल भाग आत वळतो. त्यात पुढचे दात गेले की ओठांना मागून टेकू राहत नाही आणि तोंडाचं बोळकं होतं.

‘‘ओठ कशाला लागतात, सांगा बरं?’’ तिनं विचारलं.

सभेत शांतता पसरली. सगळ्यांच्या मनात एकच उत्तर आलं आणि ते कोणालाच द्यायचं नव्हतं.

‘‘गिळायला,’’ तीच म्हणाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ‘‘तोंड उघडं ठेवून आवंढा गिळून बघा.’’

तुम्हीही आत्ता बघा. जमत नाही, किंवा फार कष्टानं जमतं. घास घशाकडे ढकलायला तोंडात दाब तयार व्हावा लागतो आणि पुढचा दरवाजा उघडा असेल तर तो दाब टिकत नाही. चाळीस-पन्नास ज्येष्ठ नागरिक आ वासून, डोळे विस्फारून, गळ्याच्या शिरा ताणून गिळायचा प्रयत्न करत होते, नेमका त्याच वेळी चहावाला पोरगा किटली घेऊन दारात आला. त्यानं आतला देखावा पाहिला आणि किटलीसकट परत गेला. त्या दिवशीचा चहा आम्हाला मिळाला नाही, हे चिटणीस अजून इतिवृत्तात लिहायला तयार नाहीत.

मग विषय जपानवर गेला. कुठल्याही व्याख्यानात विसाव्या मिनिटाला जपान येतोच, पण या वेळी तो उगीच आलेला नव्हता. म्हाताऱ्यांच्या तोंडाचा जपान्यांनी जेवढा विचार केला आहे तेवढा आपण निवडणुकीतल्या उमेदवाराचाही करत नाही. 1989 साली त्यांनी एक मोहीम काढली: वयाच्या 80 व्या वर्षी स्वतःचे 20 दात शिल्लक राहिले पाहिजेत. तेव्हा ते स्वप्नच वाटलं असणार. 2016 च्या पाहणीत तिथल्या ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून जास्त लोकांनी ते खरं करून दाखवलं. दात झाल्यावर त्यांनी मोर्चा ओठांकडे आणि जिभेकडे वळवला. तिथे ज्येष्ठांना रोज जेवणाआधी म्हणायला चार अक्षरं दिली आहेत: पा, ता, का, रा. पा म्हणताना ओठ मिटतात, ता म्हणताना जिभेचं टोक वर जातं, का म्हणताना जिभेची मागची बाजू आणि रा म्हणताना जीभ वळते. घास तोंडात घेण्यापासून घशात उतरवेपर्यंत जे जे लागतं, त्या सगळ्याची चार अक्षरांत कवायत. पा, ता, का यांतलं एकेक अक्षर एका सेकंदात किती वेळा म्हणता येतं तेही मोजतात. सहाच्या खाली आलात तर तोंडाची ताकद उतरली असं धरतात. 2018 पासून तोंडाच्या या दुबळेपणाचा उपचार तिथल्या सरकारी आरोग्यविम्यातही बसतो. हे ऐकल्यावर आमच्यातले निवृत्त बँकवाले पहिल्यांदा सावरून बसले.

‘‘चला, मोजूया,’’ मुलगी म्हणाली. पाच सेकंद, फक्त पा. तिच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पेन. प्रत्येक पा ला कागदावर एक टिंब.

पहिला मान निवृत्त तहसीलदारांचा, कारण त्यांच्या आधी कोणी काही केलेलं त्यांना चालत नाही. त्यांनी घसा साफ केला, खुर्ची मागे घेतली आणि पा पा पा असं प्रत्येक अक्षर सहीशिक्क्यानिशी काढायला सुरुवात केली. पाच सेकंदांत 17 भरले. पाहिजे होते 30.

‘‘काहीतरी चुकतंय,’’ ते म्हणाले. ‘‘मी पस्तीस वर्षं ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसलोय. सगळा तालुका त्याला साक्ष आहे. माझे ओठ कमजोर कसे?’’

मुलीनं त्यांच्या जबड्याला बोट लावून पाहिलं. ‘‘काका, तुम्ही दात आवळून बसत होतात. ओठ नुसते वरून ठेवलेले होते.’’

एवढी अचूक खातेनिहाय चौकशी त्यांच्या अख्ख्या नोकरीत झाली नसेल. पुढे एकेक जण येत गेला. हेडसर 21. बँकवाले 19, पण त्यांचं म्हणणं की वरचे दोन राउंड ऑफमध्ये धरावेत. माझा आकडा सांगण्याजोगा असता तर सांगितला असता.

शेवटी मागच्या रांगेतून बँडमास्तरांना पुढे ढकललं. बँडमास्तरांनी हयातभर वरातींत ट्रम्पेट वाजवला. संघात त्यांचं स्थान सभासद फी वेळेवर भरणे आणि सतरंज्या उचलणे एवढंच. तहसीलदारांच्या मुलाच्या वरातीत तेच होते, पण त्याचा उल्लेख दोघांपैकी कोणीही करत नाही. ते आले, संकोचानं टोपी काढली आणि सुरू झाले. कागदावर टिंबं पडायला जागा पुरेना. 36. मुलीनं परत मोजायला लावलं. परत 36.

मग कळलं ते असं. ट्रम्पेटमध्ये सूर वाद्य काढत नाही, ओठ काढतात. फुंकरीनं ओठ थरथरतात आणि पितळ तो थरार वाढवून बाहेर सोडतं. वरात तीन तास चालली की तीन तास ओठ आवळलेले, वर नाचणाऱ्यांची फर्माईश. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले की त्याचं पोट गेलं, म्हणून बँडमास्तरांनी जन्मात कधी ऊस दातानं सोलला नाही. सांगली जिल्ह्यात राहून! हा त्याग ऐकून सभा खरोखर हेलावली. तेव्हापासून आमराईत बँडमास्तरांना मधल्या बाकावर बसवतात आणि त्यांच्या अंगचा तो संकोच भराभर कमी होत चालला आहे. परवा त्यांनी तहसीलदारांना, ‘‘हवा गालात नको साहेब, ओठात आणा,’’ असं चारचौघांत सुनावलं.

व्यायाम अवघड नाहीत. ‘ई’ म्हणत ओठ कानापर्यंत ताणायचे, ‘ऊ’ म्हणत त्यांचा चंबू करायचा. गालात हवा भरून दहा मोजेपर्यंत धरायची, मग या गालातून त्या गालात फिरवायची. आइस्क्रीमची काडी दातांत न धरता नुसत्या ओठांत आडवी धरायची. जमलं की दोन्ही टोकांवर एकेक रुपया ठेवायचा. (रुपया पडला की तो उचलायला वाकायचं, आणि तो गुडघ्याचा व्यायाम.) पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉनं बुडबुडे काढायचे. मिटक्या मारायच्या. आमच्यातले एक शेतकरी गृहस्थ म्हणाले, यातलं निम्मं तर मी बैलांना चुचकारताना रोज करत होतो. बैल विकले आणि ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून आमटी सांडायला लागली. ट्रॅक्टरला चुचकारून काही उपयोग नसतो, हे त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

अवघड असते ती लाज. गेली चाळीस वर्षं आम्ही चेहरा जपून वापरला. हापिसात साहेब म्हणून, वर्गात मास्तर म्हणून, घरात बाप म्हणून जो एक चेहरा घातला, तो निवृत्तीच्या दिवशी गुच्छाबरोबर परत द्यायचा राहून गेला. आमच्या लग्नाचे फोटो बघा. नवरा-नवरी दोघंही जप्तीची नोटीस आल्याप्रमाणे बसलेली. त्या चेहऱ्याला आता सांगायचं की चंबू कर. हात-पाय हलवायला कोणाची हरकत नसते. सूर्यनमस्कार घातले तर लोक कौतुक करतात. मोठमोठ्यानं हसण्यालाही आता प्रतिष्ठा आली. 1995 साली डॉ. मदन कटारियांनी मुंबईच्या एका बागेत चार-पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, आणि आता कुठल्याही बागेत सकाळी म्हातारे हात वर करून खदाखदा हसत असले तर पोलीस येत नाहीत. पण चंबूला अजून ती मान्यता नाही. चंबूचा जगभर एकच अर्थ होतो आणि सत्तराव्या वर्षी तो समजावून सांगत बसणं फार जड जातं.

तहसीलदारांनी पहिल्या दिवशी हे व्यायाम सकाळच्या हवेत, गॅलरीत उभं राहून केले. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी पहिल्या चंबूला दुर्लक्ष केलं, दुसऱ्याला आजूबाजूला पाहिलं, तिसऱ्याला चादर अर्धवट पिळलेली तशीच टाकून आत गेल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान ‘सहज’ म्हणून येऊन गेले. तहसीलदारांनी त्यांना पा-ता-का-रा, जपानचं सरकार, आरोग्यविमा सगळं व्यवस्थित समजावून दिलं. यजमानांनी ऐकून घेतलं आणि जाताना एवढंच म्हणाले, ‘‘मग जरा पलीकडच्या बाजूला तोंड करून करत चला.’’ आता तहसीलदार न्हाणीघरात करतात. बाहेर घरचे काळजीत, की बाबा आत इतका वेळ पा पा कोणाला म्हणतायत.

हेडसरांवर त्याहून मोठा प्रसंग गुदरला. ते सकाळी सोप्यावर बसून एका गालातून दुसऱ्या गालात हवा फिरवत होते. नातवानं ते पाहिलं आणि आत जाऊन बातमी दिली, आजोबांचं तोंड वाकडं झालंय. सूनबाई जागरूक. मोबाइलवर अर्धांगवायूची लक्षणं वाचलेल्या. त्या धावत आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाबा, दोन्ही हात वर करा.’’ हेडसरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना हात वर करायला लावले. स्वतः करायची सवय नाही. त्यांनी एक हात वर करून ‘थांब’ अशी खूण केली, कारण दहा मोजायचे राहिले होते. ‘‘काहीतरी बोला, बाबा!’’ ते बोलेनात, कारण तोंडात हवा. लक्षणं तिन्ही जुळली. पाचव्या मिनिटाला हेडसर लुंगी-बनियनवर रिक्षात होते.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी तपासायला सुरुवात केली. ‘‘आजोबा, दात दाखवा. गाल फुगवा. आता शीळ वाजवा.’’ चेहऱ्याची नस शाबूत आहे का हे बघायला डॉक्टर हेच करायला लावतात. हेडसरांचा आदल्याच आठवड्यात सगळा अभ्यासक्रम पुरा झालेला. त्यांनी ई केलं, ऊ केलं, गाल फुगवून दहापर्यंत धरले आणि वर न विचारता पा-ता-का-रा म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी चांगली हालचाल मी पाहिली नाही. हेडसर ते वाक्य अजून सांगतात. बिलाचा आकडा मात्र सूनबाई सांगतात.

सूनबाईंचं चुकलं असं मात्र कोणी म्हणू नये. ओठाचा एक कोपरा अचानक ओघळला, एक हात उचलेना, बोलणं जड झालं, तर बटण शोधत बसायचं नसतं, सरळ मोठं इस्पितळ गाठायचं असतं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. दहा वेळा उगीच रिक्षा केली तरी चालेल, अकराव्या वेळी व्यायाम समजून गप्प बसलो तर चालणार नाही. तेव्हापासून आमच्यात असं ठरलंय की घरच्यांना पूर्वसूचना दिल्याशिवाय कोणी गाल फुगवायचे नाहीत.

वर बटण म्हणालो, त्याचा खुलासा करायला पाहिजे. ओठांच्या तालमीतली ही जोर-बैठक. कोटाचं मोठं बटण घ्यायचं, त्याच्या भोकांतून मजबूत दोरा ओवून पक्की गाठ मारायची. बटण पुढच्या दातांच्या बाहेर आणि ओठांच्या आत बसवायचं, ओठ मिटायचे, आणि दोरा समोर ओढायचा. दोऱ्यानं बटण बाहेर काढायला बघायचं, ओठांनी ते सोडायचं नाही. दोरा स्वतः ओढता येतो, पण स्वतःचाच दोरा माणूस फार प्रेमानं ओढतो. म्हणून मुलगी म्हणाली, घरच्या कोणाला तरी ओढायला सांगा.

या एका वाक्यानं महिला विभागात जो उत्साह पसरला, तो हळदीकुंकवालाही पसरत नाही. नवऱ्याला दोरीनं ओढायची वैद्यकीय शिफारस रोज थोडीच मिळते? आमच्या घरी सौभाग्यवतींनी ट्रंक उपसली आणि माझ्या लग्नातल्या कोटाचं बटण काढलं. कोट आता एरवीही मिटत नाही, म्हणून त्यावर माझा आक्षेप टिकला नाही. मी खुर्चीत, त्या समोर स्टुलावर, हातात दोरा.

‘‘अहो, धरा घट्ट. ओढू?’’

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं. या व्यायामाचा तो एक उपफायदा आहे असं त्यांचं मत पडलं.

‘‘दातानं धरलंय तुम्ही. फसवू नका.’’

बटण टप्पकन सुटून त्यांच्या मांडीवर पडलं. पुन्हा बसवलं, पुन्हा सुटलं. मग मी म्हटलं, एवढं सोपं वाटत असेल तर तुम्ही धरून दाखवा. त्यांनी बटण धुतलं, तोंडात ठेवलं आणि शांतपणे माझ्याकडे बघत बसल्या. मी ओढलं. आणखी ओढलं. दोरा ताठ झाला, स्टूल पुढे सरकलं, बटण जागचं हललं नाही.

कारण कळायला थोडा वेळ लागला. सकाळी त्या अंबाडा घालत होत्या तेव्हा बघितलं: दोन्ही हात मागे, केस एका मुठीत, आणि ओठांत चार आकडे. एकेक आकडा ओठांतून निघून केसांत जात होता, उरलेले तिथेच. आणि त्या चार आकड्यांमधून, एकही न पडू देता, त्या मला सांगत होत्या, ‘‘गॅस बारीक करा, दूध वर येतंय.’’ प, ब, म यांपैकी एकाही अक्षराची कुचंबणा न होता. निऱ्या करताना सेफ्टी पिन ओठांत, शिवताना सुई ओठांत, सुईत ओवायच्या आधी दोरा ओठांत, लहानपणी चुलीवर फुंकणी ओठांत, आणि पोरांच्या भातावर फुंकर घालण्यात पुढची दहा वर्षं. आमच्या पिढीच्या पुरुषांच्या ओठांना काम म्हणाल तर एक विडी किंवा तंबाखूची पिंक. त्यातही तंबाखू-सुपारीनं तोंडाचं कातडं आतून आखडत जातं आणि तोंड उघडेनासं होतं, म्हणजे तोही व्यायाम उलट्या दिशेचा.

तहसीलदारांना हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतं हे सिद्ध करायचं होतं. त्यांनी आयुर्वेदातले कवल आणि गंडूष काढले. कवल म्हणजे तोंडात बेताचं तेल किंवा काढा घेऊन खुळखुळवायचा. गंडूष म्हणजे तोंड हलवताही येणार नाही इतकं भरून तसंच धरून बसायचं. गोष्ट खरी आहे आणि ओठांना त्यात चांगलंच काम पडतं. पण ग्रंथात लिहून ठेवल्यानं कोणाचे ओठ घट्ट होत नाहीत, चूळ ज्याची त्यालाच भरावी लागते. हे बँडमास्तर म्हणाले. आता ते असंही बोलतात.

दरम्यान आमच्या व्हॉट्सअॅप गटावर संदेश फिरू लागले की ओठांच्या व्यायामानं सुरकुत्या जातात, वीस वर्षांनी तरुण दिसतं, चष्म्याचा नंबर उतरतो. चष्म्याचा नंबर कसा उतरेल हे पाठवणाऱ्यालाही सांगता आलं नाही, पण त्यानं पाठवून पुण्य पदरात पाडून घेतलं होतं. काही आठवडे नेमानं केलं तर ओठ मिटायची ताकद वाढते, एवढं माझ्या अनुभवावरून मी सांगू शकतो. सुरकुत्या होत्या तिथेच आहेत. कवळी मात्र जरा बरी बसते, कारण कवळी नुसती हिरड्यांवर टिकत नाही, ओठ आणि गाल तिला बाहेरून आवरून धरतात. फोनवर ‘पाटील’ म्हटलं की पलीकडून ‘हाटील?’ असं विचारणं थांबलं. चहाचा डाग तिसऱ्या बटणापर्यंत जायचा तो येत नाही. गिळताना वारंवार ठसका लागत असेल तर मात्र बटण आणि ट्रम्पेट दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं. ते प्रकरण ओठांच्या पलीकडचं असतं.

आणि साळुंक्या रोडावल्या. हेडसर म्हणतात, पक्ष्यांची संख्या एकूणच कमी होत चालली आहे, पर्यावरणाचा ऱ्हास.

आमराईत आता सकाळी पा-ता-का-राचा गजर होतो. पहिले काही दिवस येणारे-जाणारे थबकायचे. एक आजी चप्पल काढून, हात जोडून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि नंतर विचारू लागल्या, हे महाराज कुठले, यांचा मठ कुठे आहे. चिटणिसांनी जपान म्हणून सांगितलं. लांब आहे, म्हणाल्या, पण पावतात का?

आता वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आलंय आणि त्यात संगीतखुर्चीऐवजी बटणओढ स्पर्धा ठेवायचं ठरलंय. संगीतखुर्चीत दरवर्षी एक जण पडतो. स्पर्धेच्या नियमांसाठी तीन सभा झाल्या. दोरा किती लांब, ओढणारा कोण, स्वतःची बायको चालेल की तटस्थ व्यक्ती हवी, बँडमास्तरांना व्यावसायिक म्हणून वगळावं का, यावर बराच ऊहापोह झाला. बँडमास्तरांना परीक्षक करून तो प्रश्न सुटला. मग तहसीलदारांनी हरकतीचा मुद्दा काढला: ज्यांना कवळी आहे त्यांना बटण टेकवायला आयती भिंत मिळते, हा इतरांवर अन्याय आहे. बँकवाले म्हणाले, उलट खरे दात असणाऱ्यांचाच फायदा, ते हलत नाहीत. बाचाबाची होता होता हेडसरांनी तोडगा काढला की दोन गट करावेत, एक कवळीवाल्यांचा आणि एक स्वतःच्या दातांचा. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि नावनोंदणीचे दोन कागद आमराईच्या वॉचमनच्या खोलीबाहेर लावले.

परवा मी यादी पाहिली. स्वतःच्या दातांच्या गटात 41 नावं आली आहेत, त्यांतली 12 ऐंशीच्या पुढची. कवळीच्या कागदावर कोणीतरी भडंगाचा भाव लिहून ठेवलाय, बाकी तो कोरा आहे. कागदोपत्री आपण जपानला केव्हाच मागे टाकलंय.